दाढेतले पाठभेद

हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानांत पूर्वी ‘ड्रॅगनचे दात’ मिळायचे. त्यांची पूड औषध म्हणून घेत. १९३५ साली पुराजीवशास्त्रज्ञ राल्फ फॉन कोनिग्स्वाल्ड यांना अशाच एका दुकानात एका महाकाय वानराची दाढ मिळाली. त्यांनी त्याचं नाव ठेवलं जायगँटोपिथेकस. पुढे त्याचे सुटे दात पुष्कळ सापडले, खालचे काही जबडेही सापडले. पण कवटी नाही, हातापायाचं हाड नाही. मग हा कोणाच्या कुळातला? दाताच्या आकारावरून वाद घालण्यात ऐंशी वर्षं गेली.

मी दातांच्या एनॅमलमधली प्राचीन प्रथिनं वाचते. आकार नातं सांगतो, पण त्याहून ठळकपणे तो आहार सांगतो. कठीण बिया फोडून खाणाऱ्या दोन दूरच्या कुळांतही सारख्याच जाड एनॅमलच्या दाढा घडतात.

याबाबत ठेच लागली ती शिवालिक टेकड्यांतल्या दातांमुळेच. १९३२ साली तिथे जी. एडवर्ड लुइस यांना मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याला रामापिथेकस हे नाव मिळालं, आणि पुढे तो माणसाचा आद्य पूर्वज मानला गेला. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी आजच्या प्राण्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ताडून सांगितलं, की माणूस आणि चिंपँझी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झाली. रामापिथेकस तर त्याहून कितीतरी जुना! अनेकांना ते पटलं नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर शिवापिथेकस या जुन्या वानराचा चेहरा सापडला, तो ओरांगउटानच्या वळणाचा निघाला आणि रामापिथेकस शिवापिथेकसमध्येच विलीन झाला.

उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नष्ट होतो. एनॅमल मात्र जवळजवळ सगळं खनिजच असतं आणि दात घडताना त्यात अडकलेले प्रथिनांचे तुकडे लाखो वर्षं टिकतात. आम्ही चिमूटभर पूड आम्लात विरघळवतो, मास स्पेक्ट्रोमीटरवर तुकड्यांचं वजन करतो आणि अमिनो आम्लांचा क्रम जुळवतो. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक हेच करतात: दोन प्रतींत एकच चूक दिसली, की दोन्हींचं मूळ एक. आमच्या पाठभेदात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं असतं.

चीनच्या ग्वांग्शीमधल्या चुइफेंग गुहेतल्या १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाढेतून २०१९ मध्ये सहा प्रथिनं वाचली गेली. जायगँटोपिथेकस ओरांगउटानचा भाऊबंद ठरला. त्यांच्या वाटा फुटल्या १ ते १.२ कोटी वर्षांपूर्वी. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स इथले माणसाच्या नात्यातल्या पॅरँथ्रोपसच्या २० लाख वर्षांपूर्वीच्या चार दातांतली प्रथिनं वाचली गेली. आकार लहान म्हणून मादीचा समजलेला एक दात नराचा निघाला, कारण त्यात वाय गुणसूत्रावरचं अमेलोजेनिन हे प्रथिन होतं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एनॅमलमधली प्रथिनं मोजकीच आणि सावकाश बदलणारी, त्यामुळे अगदी जवळच्या नात्यांत ती अडखळतात. तरी त्याच वर्षी केनियाच्या तुर्काना खोऱ्यातल्या १.८ कोटी वर्षांपूर्वीच्या दातांतून प्रथिनं मिळाली, तेव्हा मला शिवालिक आठवला. शिवापिथेकसचे दात त्याहून अलीकडचे आहेत.

पण घाई नको. औषधवाले दाताची पूड करत, मीही पूडच करते. जी पूड झाली ती पुन्हा दात होत नाही. म्हणून आधी मापं, छायाचित्रं, साचे, आणि मग तुटक्या कडेचे काही मिलिग्रॅम. उरलेला दात माझ्याहून चांगलं वाचणाऱ्यासाठी राखून ठेवायचा.