विमानतळांची यादी
आज फ्लाइट सिम्युलेटर २००४ मधली एआय वाहतुकीची, म्हणजे सिम्युलेटर स्वतः उडवतो त्या विमानांची, बीजीएल फाइल टीटूल्स या साधनाने उलगडली. तीन मजकुरी फायली निघाल्या: विमानं, वेळापत्रक आणि विमानतळ. मी तिसरीतच रमले. प्रत्येक ओळीत आधी संकेत, पुढे अक्षांश, रेखांश, उंची. मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, गोव्यातलं दाबोळी व्हीओजीओ. गोव्यातल्याच नव्या मोपा विमानतळाचा व्हीओजीए या यादीत कुठून असणार? मोपाला विमानं उतरू लागली २०२३ मध्ये! मला तो हवाच आहे. त्याच्याशिवाय आजचं गोव्याचं आकाश अर्धं वाटतं. पण नुसती ओळ वाढवून भागत नाही. सिम्युलेटरमधल्या त्या विमानतळाच्या स्वतंत्र फाइलमध्ये येणाऱ्या विमानाच्या आकाराला पुरेशी पार्किंगची जागा नसेल, तर उतरलेलं विमान डोळ्यांदेखत नाहीसं होतं. म्हणून नवं वेळापत्रक टाकण्याआधी ही यादी वाचा आणि पार्किंगही तपासा.