काडी खरंच हलली होती!

मुलांनो, चुका फक्त विद्यार्थीच करतात असं तुम्हांला वाटतं का? मग आज एका बाईंची चूक ऐका. त्या बाई म्हणजे मीच.

२००३ सालची गोष्ट. मी आठवीला विज्ञान शिकवत होते. फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते, चुंबकीय आणि अचुंबकीय. लोखंड, निकेल, कोबाल्ट डावीकडे. लाकूड, काच, रबर, पेन्सिल उजवीकडे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, पेन्सिलीतलं लीड चुंबकापासून लांब पळतं. मी घरी पाहिलंय."

त्याच्या मामांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका मोडक्या हार्ड डिस्कमधला चांगला जोरदार चुंबक त्याला तिथे मिळाला होता. मागचं बटण दाबलं की पुढे येते ना, त्या पेन्सिलीची बारीक काडी त्याने दोऱ्याने पट्टीला आडवी टांगली आणि चुंबक तिच्या टोकाजवळ नेला. काडी किंचित हलली. मीसुद्धा ते पाहिलं.

पण डोक्यावर पंखा गरगरत होता आणि माझा धडा संपायचा होता. मी म्हटलं, "पंख्याचा वारा लागला असेल. पुस्तकात काय लिहिलंय ते वाच आणि खाली बस." सगळा वर्ग हसला. तो खाली बसला. त्या वर्षात त्याचा हात पुन्हा कधी वर आला नाही.

पंखा बंद करून पाहायला किती वेळ लागला असता हो? अर्धा मिनिट!

पुढे २०१० साली वर्तमानपत्रात बातमी वाचली. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठातले आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं. का, माहीत आहे? त्यांनी ग्राफाइटवर साधी चिकटपट्टी लावून थर सोलले होते! सोलता सोलता फक्त एका अणूइतका जाड थर हाती लागला. त्याचं नाव ग्राफीन. आपण शिसपेन्सिल म्हणतो खरं, पण तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं. मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी असलेले कार्बनचे पापुद्रे एकावर एक रचले की झालं ग्राफाइट. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे तीस लाख पापुद्रे मावतात. त्यांचं हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे मी त्या मुलाला खाली बसवलं, त्याच्या पुढच्याच वर्षी!

कुतूहल म्हणून मी ग्राफाइटविषयी आणखी वाचू लागले आणि एका शब्दाशी थबकले. 'प्रतिचुंबकीय'. माझ्या छातीत धस्स झालं.

मी चुंबक आणला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि काडी टांगली. काडी सावकाश, पण नक्की, दूर सरकली. चुंबक उलटा करून धरला, तरीही दूरच! तो मुलगा बरोबर होता.

असं का होतं? चुंबक जवळ आला की ग्राफाइटमधले इलेक्ट्रॉन अशा तऱ्हेने फिरू लागतात, की त्यांचा मिळून एक दुबळा चुंबक तयार होतो आणि तो बाहेरच्या चुंबकाला विरोध करतो. हा गुण पाण्यातही असतो, पण फारच थोडा. याच गाइमसाहेबांनी १९९७ मध्ये हॉलंडमधल्या नायमेखन इथे एका जिवंत बेडकाला चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगत ठेवलं होतं! बेडकाच्या अंगात पाणीच जास्त ना! मात्र त्यासाठी १६ टेस्ला ताकदीचा चुंबक लागला. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र साधारण दीड ते तीन टेस्लाचं असतं, म्हणजे बघा.

एकट्या ग्राफीनची गंमत तर याहून मोठी. चुंबकाच्या प्रभावात इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतात, पण त्यांना हवी तेवढी ऊर्जा घेता येत नाही. जिन्यावर तुम्ही पहिल्या पायरीवर उभे राहता, दुसरीवर राहता, पण दोघींच्या मध्ये अधांतरी राहता येतं का? तसंच हे. इतर पदार्थांत या पायऱ्या इतक्या बुटक्या असतात, की नेहमीच्या उष्णतेच्या धक्क्यांनी इलेक्ट्रॉन वरखाली उड्या मारतात आणि जिना आहे हे कळतच नाही. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना सिलिकॉनमध्ये विजेचा रोध असा पायरीपायरीने बदलताना दिसला, तेव्हा थंडी होती उणे २७० अंशांच्या आसपास!

ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन मात्र जणू वजनच नसल्यासारखे धावतात. वेग प्रकाशाच्या सुमारे तीनशेवा हिस्सा. त्यामुळे त्यांची पहिलीच पायरी भलतीच उंच असते. उष्णतेचे धक्के तिथवर पोचत नाहीत. म्हणून २००७ साली ग्राफीनमध्ये हाच जिना चक्क खोलीच्या तापमानाला दिसला. त्या प्रयोगांत चुंबकाची ताकद ४५ टेस्लापर्यंत नेली होती. आणि २०२३ मध्ये तर असं आढळलं, की अवघ्या ०.१ टेस्लानेही अगदी शुद्ध ग्राफीनचा विद्युतरोध दुपटीहून जास्त होतो, तोही खोलीच्याच तापमानाला. एवढी ताकद हातात मावणाऱ्या चुंबकातही असते.

हे सगळं माझ्या फळ्यावरच्या 'अचुंबकीय' रकान्यात दडलेलं होतं!

तुम्हीही काडीचा प्रयोग करून पाहा. लाकडी पेन्सिलीत माती मिसळलेली असते, म्हणून बारीक काडीच घ्या. चुंबक जोरदार हवा. पण असे चुंबक एकमेकांवर आदळून बोटं चिमटतात आणि पोटात गेले तर जिवावर बेततं, तेव्हा मोठ्यांना बरोबर घ्या. लहान भावंडांना लांब ठेवा. आणि हो, पंखा बंद करायला विसरू नका.

आईबाबांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. मूल म्हणालं, "मी पाहिलंय," तर एवढंच म्हणा, "पुन्हा करून दाखव बरं."

तो मुलगा आता पस्तिशीला आला असेल. कदाचित त्याच्या घरीही हा अंक येत असेल. बाळा, वाचत असशील तर ऐक. काडी खरंच हलली होती. वारा नव्हता तो. चूक माझी होती.