नाकाला आणखी एक वेढा

लोड कंट्रोल हे विमानतळावरचं असं खातं आहे की प्रवाशांना त्याचा पत्ताही नसतो. मी नोकरीची सगळी वर्षं तिथेच काढली. माणसं किती बसली, बॅगा कुठल्या होल्डमध्ये गेल्या, टाकीत इंधन किती, हे मांडून लोडशीट आणि ट्रिमशीट करायची, कॅप्टनच्या हाती द्यायची, दार लागलं की पुढच्या विमानाकडे वळायचं. एकूण वजन किती, हा त्यातला सोपा भाग. ते वजन विमानाच्या लांबीत कुठे येऊन ठेपतं, म्हणजे गुरुत्वमध्य कुठे पडतो, ही खरी मेख. कंपनीनं त्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं, प्रमाणपत्र दिलं. ते प्रमाणपत्र घेऊन मी सगळ्यात आधी ज्यांच्या घरी गेलो, ते काका हडपसरला राहायचे आणि शाळा त्यांनी अर्ध्यातच सोडली होती.

काका नात्यातले नव्हते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ते मेकॅनिक होते. 1950 साली सुरू झालेलं हे सरकारी केंद्र आज इमारतींच्या गराड्यात सापडलंय. तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. विंचच्या पोलादी तारेनं खेचलेलं ग्लायडर जवळजवळ उभंच चढायचं, वर गेल्यावर तार सोडायचं आणि मग इंजिनाविना घारींच्या मागे मागे फिरायचं. घार पंख न हलवता गोल गोल चढते तिथे गरम हवा वर निघालेली असते, हे पायलटांना ठाऊक असायचं. काकांना तर घार अजून ठिपक्याएवढी असतानाच कळायचं. मी कुंपणाशी उभा असायचो. एकदा आतून हाक आली, "काय रं, नुसतं बघून काय हुतंय? हिकडं ये, झाडू घे."

शाळा सुटली की हँगर झाडायचा, हा आमचा व्यवहार. बदल्यात बाल्साच्या तुकड्यांचं हातभर ग्लायडर करायला मिळायचं. सपाट पट्टीचा पंख, पंखांची टोकं किंचित वर उचललेली, मागे आडवी आणि उभी शेपटी. पंखाखाली दोन बोटं लावून काका ते तोलायचे आणि जिथे तोललं तिथे पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचे. मग फेकायचं. पहिल्या फेकीत ते नाक वर काढून चढायचं, वेग संपला की थबकायचं, नाक टाकून खाली झेपायचं, वेग आला की परत वर. असं लाटा खात खात जमिनीवर. काका खिशातून सोल्डरची तार काढून नाकाला एक वेढा द्यायचे, कटरनं तोडून अंगठ्यानं दाबून बसवायचे. परत फेक. लाट थोडी बसलेली. आणखी एक वेढा. होता होता एका फेकीत ते सरळ, एका रेषेत, पार हँगरच्या दारापर्यंत जायचं. मी उड्या मारायच्या आत काका मुद्दाम आणखी वेढे द्यायचे आणि ग्लायडर तोंडघशी पडायचं. "दोन्हीकडनं मरतंय, बघ. मधी थोडी जागा हाय. तेवढीच आपली."

मागे वजन झाल्यावर एवढं काय बिघडतं, असं विचारलं तर म्हणाले, "बैलगाडी उलाळ झाली म्हंजे काय हुतं? जू वर जातं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. ह्याला तर बैल बी न्हाई दाबून धराय."

पुस्तकातलं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. वाऱ्याच्या झोतानं नाक उचललं की पंख आणि शेपटी दोघांवरची उचल वाढते. ही वाढीव उचल जिथे एकवटते तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर विमानाची मागची बाजू उचलली जाते आणि नाक आपोआप खाली येतं. वजन मागे सरकून त्या बिंदूच्याही पलीकडे गेलं, की तीच उचल नाकाला आणखी वर लोटते. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन साधारण 15 अंशांच्या पुढे गेला की वरच्या पृष्ठावरून हवा सुटते आणि उचल ढासळते. हाच स्टॉल. त्याचा इंजिन बंद पडण्याशी काही संबंध नाही, हे मी आजही लग्नकार्यात लोकांना समजावत असतो. पंखांच्या वर उचललेल्या टोकांचं कामही असंच: विमान एका अंगाला कलून त्या बाजूला घसरू लागलं की खालच्या पंखावर हवा जास्त कोनात आदळते, त्याची उचल वाढते आणि तो वर येतो.

शाळेत मात्र वेगळंच शिकवलं होतं. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. मागच्या कडेला खालच्या हवेची गाठ पडली पाहिजे म्हणून ती पळते, दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं. मी हे मोठ्या ऐटीत काकांना ऐकवलं. त्यांनी माझ्याच ग्लायडरचा पंख सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. सपाट पट्टी, वरून खालून सारखीच. "ह्यो कसा उडला मग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरची हवा वेगानं जाते आणि तिथला दाब कमी असतो, एवढं खरं आहे. पण गाठ पडण्याची अट हवेला कुणी घातलेली नाही. वरची हवा मागच्या कडेला आधीच पोचते. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर ढकलते, आणि दाबातला फरक ही त्याच घटनेची दुसरी बाजू. ती गाठभेटीची कहाणी अजूनही पुस्तकांत छापली जाते, याचं मला खरंच नवल वाटतं.

चौपाटीवर 1895 साली उडालेल्या म्हणतात त्या विमानाचा विषय हँगरमध्ये निघाला, की काका एवढंच विचारायचे, "तोल कुठं हुता त्याचा?" पुढे वाचलं, की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 1974 मध्ये, अशा दाव्यांत ज्याचं नाव घेतलं जातं त्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथातली विमानं तपासली आणि ती उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला. त्यांनी भूमिती, वजन, उचल सगळं पाहिलं. काकांचं काम एका प्रश्नात भागायचं.

कॉलेजात गेल्यावर मी ग्लायडिंगला नाव घातलं. वैद्यकीय तपासणीचे आणि सुरुवातीच्या फीचे पैसे काकांनी दिले. घरी मागायची सोय नव्हती. अंगानं मी काडी. पुढच्या सीटवरचा माणूस ठरलेल्या किमान वजनापेक्षा हलका असला की ग्लायडर शेपटीजड होतं, म्हणून शिशाच्या पट्ट्या बसवाव्या लागतात. काकांनी मला चपला काढायला लावून काट्यावर उभं केलं, आकडा बघून मान हलवली आणि पट्ट्या आणल्या. नट आवळून झाल्यावर प्रत्येक पट्टी हातानं ओढून पाहिली. "आईला सांग, भाकरी वाढव. तवर हे शिसं." मग कॅनॉपीवर, बरोबर नाकासमोर, लाल लोकरीचा वीतभर धागा चिकटवला. धागा सरळ मागे राहिला तर ग्लायडर हवेत नीट चाललंय. बाजूला फाकला तर आडवं घसरतंय, पायानं रडर दे. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं उपकरण मी नंतर कुठल्याच कॉकपिटमध्ये पाहिलं नाही.

पहिला पगार झाला तेव्हा ते पैसे घेऊन गेलो. काका नको म्हणतील, पाठीवर हात फिरवतील, असं मी रस्ताभर घोकलेलं. त्यांनी पैसे घेतले. थुंकी लावून मोजले, कपाटात ठेवले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. त्या हिशेबातून मी सुटलो. दुसरा हिशेब मांडायचाही कसा, ते मला आजवर समजलेलं नाही.

जानेवारी 2001 मध्ये तेजसचं पहिलं उड्डाण झालं. चपळपणासाठी ते मुद्दाम अस्थिर ठेवलंय आणि संगणक क्षणाक्षणाला त्याला सावरतो, हे मी काकांना वाचून दाखवलं. ते तेव्हा निवृत्त झालेले. बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे उलाळ गाडीच पळवत्यात, आन् जू दाबून धराय काम्प्युटर बसवलाय." अनेक जाडजूड पुस्तकांत हे इतकं नेमकं सापडत नाही. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाला तर दाबून धरायला संगणकही नव्हता. त्याचं नाक सारखं खालीवर व्हायचं आणि पालथा पडून चालवणारा माणूस ते हातानं सावरायचा. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं. उलट त्याच्या कितीतरी आधी, 1871 मध्ये, फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोनं रबराच्या पिळावर उडणारं छोटं मॉडेल केलं होतं. त्याची शेपटी अशा कोनात होती की ते आपोआप सावरायचं. काकांना राइट बंधूंपेक्षा हा पेनो आवडला असता, अशी माझी खात्री आहे.

ऑगस्ट 1997 मध्ये मायामीत फाइन एअरचं मालवाहू डीसी-8 उडताच कोसळलं होतं. माल जसा भरायला हवा तसा भरलेला नव्हता. गुरुत्वमध्य अपेक्षेपेक्षा मागे, आणि शेपटीचा ट्रिम चुकीच्या आकड्यांवर लावलेला. जमीन सोडताना नाक वर गेलं ते आवरलंच नाही, आणि स्टॉल. विमानातले 4 आणि जमिनीवरचा 1 जण गेला. नवीन पोरांना शिकवताना मी त्यांना आधी हा अपघात सांगत असे आणि नंतर सोल्डरची तार.

काकांना एकदा जुनी ट्रिमशीट दाखवायला नेली होती. आलेखातली मर्यादेची चौकट त्यांनी लगेच ओळखली आणि माझी खूण मागच्या रेघेकडे झुकलेली बघून कपाळाला आठ्या घातल्या. मी समजावलं: नाक जड ठेवलं की शेपटीला जास्त जोरानं खाली दाबावं लागतं, पंखाला तेवढी जादा उचल द्यावी लागते, ओढ वाढते, इंधन जळतं. म्हणून मर्यादेत राहून वजन जरा मागे ठेवतात.

"मागची रेघ कुणी आखली?"

"विमान बनवणाऱ्यांनी, काका. उडवून, तपासून."

"मग ठीक हाय. तरी तू चार बोटं पुढंच ऱ्हा."

पगार कंपनीचा होता, त्यामुळे बहुतेक दिवस मी कंपनीचंच ऐकलं. पण पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री, बॅगा उशिरा आलेल्या, मोजदाद घाईची, अशा वेळी मागच्या होल्डमधल्या काही बॅगा पुढे हलवायला सांगायचो. लोडर भिजलेले असायचे, कुरकुरायचे. "साहेब, आकडा तर बसतोय की." बसत होताच.