चोरून दिलेले औषध

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मी नागापुरास कायमची राहावयास आले, तेव्हा भावकीने माझी ओळख ‘येरवड्याची सिस्टर’ अशी करून दिली. त्या ओळखीत आदर किती आणि धास्ती किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही; कारण ज्या नगर जिल्ह्यात माणूस जरा विसंगत बोलला की ‘ह्याला येरवड्याला धाडा’ असे सहज म्हटले जाते, तेथे येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीआड उमेद खर्च केलेल्या बाईकडे लोकांनी थोडे बिचकून पाहावे, हे ओघानेच आले. लोकांचा समज असा, की तेथल्या परिचारिकेस कामे दोनच : रुग्णास धरून ठेवणे आणि सुई टोचणे. वस्तुतः आमची बहुतेक पाळी जवळ बसण्यात, पाहण्यात आणि पाहिलेले जसेच्या तसे दप्तरी नोंदविण्यात जाते. ‘रुग्ण आक्रमक’ असा शेरा मारण्यास क्षण पुरतो. परंतु ‘रात्री उठून दाराशी कान लावून उभा राहिला, मागून हाक मारताच मुठी वळल्या, समोर येऊन नावाने बोलल्यावर सैल सोडल्या’ एवढे लिहिण्यास कष्ट पडतात, आणि कामास येते ते हेच, कारण पहिला शेरा वाचून पुढच्या पाळीची परिचारिका नुसती भिते, दुसरा वाचून तिला आपण कोठे उभे राहावे हे समजते.

पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांस प्रथम देण्यात आले ते १९५२ साली, आणि त्याच साली हिल्डगार्ड पेप्लॉ या अमेरिकन परिचारिकेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात परिचारिका व रुग्ण यांच्यामधला संबंध हाच उपचार आहे, असा सिद्धान्त तिने मांडला. औषधाचा डंका जगभर झाला. पेप्लॉबाईंचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांबाहेर फारसे कोणी ऐकले नाही. मला मात्र नोकरीत जे थोडेफार उमगले ते असे, की ही दोन्ही एकाच गाडीची चाके असून दुसरे निखळले की पहिले जागीच फिरत राहते. याची प्रचीती मला रुग्णालयात जितकी आली नाही तितकी नागापुरात, आमच्याच आळीतल्या एका घरात आली. (घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी फिरवले आहेत.)

त्या घरचा थोरला मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रावर होता. तिसऱ्या पाळीची जागरणे, त्यातून झोप उडालेली, आणि मग हळूहळू असा संशय, की कँटीनच्या चहात ठेकेदाराची माणसे काहीतरी कालवतात. पुढे तो संशय घरच्या स्वयंपाकापर्यंत आला. आईने वाढलेले ताट तो बाजूस सारी, डब्यातले कुत्र्यास घालून ते जगते का पाहत बसे. वडिलांनी देवऋषी केला, अंगारा झाला, लिंबे उतरून झाली, आणि कोठल्याशा डॉक्टरांनी मुलास न पाहताच एक लहान बाटलीही दिली, जिच्याविषयी मला तेव्हा कोणी अवाक्षर सांगितले नव्हते. मी गावची लेक, म्हणून त्या घरच्या गृहस्थांस मी दादा म्हणते, त्यांच्या पत्नी माझ्या वहिनी. वहिनींनी एके दिवशी बोलावणे पाठविले.

मुलगा माळवदाच्या खोलीत भिंतीस पाठ लावून बसला होता. अशा माणसाच्या अगदी समोर बसू नये, दाराची वाट अडवू नये आणि उगाच खांद्यावर हात ठेवू नये, हे आमचे प्राथमिक धडे. मी जरा तिरकी बसले.

“आत्या, खरं सांगा, माझ्या जेवणात इख घालत्यात का नाय?”

‘छे, वेडा आहेस का’ हे घरच्यांचे उत्तर, आणि ‘हो रे, सांभाळून राहा’ हे टवाळांचे. परिचारिकेने यांपैकी एकही देऊ नये. कारण भ्रमाशी वाद घातला की तो अधिक घट्ट होतो, आणि त्यास मान डोलावली की आपणच त्यास साक्षीदार मिळवून देतो. मी म्हटले, “मला तसं काही दिसत नाही. पण तू घाबरला आहेस, दोन-दोन दिवस उपाशी राहतोस, हे मला दिसतंय.” नंतर वहिनींकडून मी सालासकट केळी आणि कवचासकट उकडलेली अंडी मागविली व त्याच्यापुढे ठेवली. “आधी तुमी खाऊन दावा,” तो म्हणाला. मी खाल्ले नाही. चाखून दाखविणे म्हणजे चाखून पाहण्याजोगे काही आहे असे कबूल करणे. त्यापेक्षा सोलण्याचा अधिकार त्याच्याच हाती राहावा, हे बरे. बराच वेळ अंडे बोटांत फिरवून, कवचास कोठे तडा आहे का ते उजेडात धरून पाहून, त्याने ते कपाटाच्या कडेवर फोडले आणि मीठसुद्धा न लावता खाल्ले.

असे काही दिवस चालले. तो माझ्याशी बोलू लागला, आईच्या हातचेही थोडेथोडे जेवू लागला. आवाज येतात हेही त्याने सांगितले. आवाज काय सांगतात हे विचारण्यास नातलग भितात, जणू विचारल्याने ते खरेच होतील. वास्तविक, जिवाचे बरेवाईट करण्याचा हुकूम तर ते आवाज देत नाहीत ना, हे स्पष्ट विचारलेच पाहिजे, आणि असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. त्याचे आवाज शिव्या देत, हुकूम देत नसत. मला तेवढाच दिलासा.

मग एका रात्री वहिनी धावत आल्या. मुलाची मान एका बाजूस पिळवटली होती, डोळे वर चढून तेथेच खिळले होते आणि जीभ जड होऊन तो “घातलं, घातलं” एवढेच म्हणत होता. भाऊबंद जमले होते. अंगात आले असे एकाचे मत, बाहेरची बाधा असे दुसऱ्याचे. मी असे वळलेले डोळे पुष्कळ पाहिले होते. मनोविकारावरच्या काही औषधांनी, विशेषतः आरंभीच्या दिवसांत आणि तरुण पुरुषांत, स्नायू असे आखडतात. दिसण्यास भयंकर, पण योग्य इंजेक्शनाने थोड्याच वेळात सुटणारे. प्रश्न एवढाच, की जो मुलगा कोणतेही औषध घेत नाही त्यास हे व्हावे कसे? मी वहिनींकडे पाहिले. त्यांनी फडताळातून ती बाटली काढून दिली. रंग नाही, वास नाही, चव नाही, असे थेंब, रोज आमटीत.

गाडी करून त्यास दवाखान्यात नेले, इंजेक्शन दिल्यावर मान सरळ झाली, डोळे खाली आले. परंतु माझ्यापुढचे संकट त्यामुळे हलके झाले नाही. या मुलाचा भ्रम काय, तर घरचे लोक अन्नात काहीतरी कालवतात; आणि घरच्यांनी, पोटच्या मायेने, तो भ्रम अक्षरशः खरा करून ठेवला होता! एकट्या त्यांनाच दोष देण्यात अर्थ नाही. आजार मान्य नसलेल्या माणसापुढे हतबल झालेली पुष्कळ घरे हेच करतात, आणि मागणाऱ्यास बाटली लिहून देणारेही आढळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, ज्याचा अंमल २९ मे २०१८ पासून सुरू झाला, उपचारास रुग्णाच्या जाणत्या संमतीचा पाया घातला आहे. पण कायदा आमटीच्या पातेल्यापर्यंत पोहोचत नाही.

मी म्हटले, त्यास सांगितले पाहिजे. दादा कडाडले, “आता सांगितलं तर तो आमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही!” त्यांचे भय निराधार नव्हते, हे मी जाणून होते. तरीही वहिनींनीच सांगितले, माझ्यासमक्ष, बाटली त्याच्या हातात देऊन : “मीच घालत होते. औषध होतं. तू बरा व्हावा म्हणून.” त्याने बाटली अंगणात भिरकावली, आईस नको ते बोलला आणि सीना नदीच्या कडेला जाऊन बसला. धाकटा भाऊ त्यास दिसेल, पण सलगी वाटणार नाही, इतक्या अंतरावर बसून राहिला; ही तजवीज मी करविली होती. पहाटे दोघे परत आले.

पुढचे सगळे सुरळीत झाले असे म्हणवत नाही. पंधरवडाभर तो अंड्यांवर आणि केळ्यांवरच होता. पण एक दिवस त्याने आपण होऊन विचारले, की दवाखान्यातून मिळालेली, मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची ती चिठ्ठी कोठे आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे तो स्वतः गेला; त्यांनी औषध बदलले, मान का वळली ते कागदावर काढून दाखविले, आणि गोळ्यांची पाकिटे त्याच्याच हाती दिली. गोळी तो स्वतः पाकिटातून काढी; नाव वाची, तारीख वाची, मग गिळी. गोळी गालात दडवून नंतर थुंकणारे रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले असल्याने वहिनींनी त्याचे तोंड उघडून पाहावे, असे एकदा जिभेवर आले होते. ते मी गिळले. रुग्णालयात मी ते केलेच असते. येथे केले असते तर त्याने जे स्वतः हाती घेतले होते तेच काढून घेतल्यासारखे झाले असते.

आमच्या नागापुरापासून फार लांब नसलेल्या शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांस घर दिले आहे. त्यांचे काम माझ्या कामाहून फार मोठे, कारण तेथे येणाऱ्या बाईस फसविण्यापुरतेही घर उरलेले नसते. दादांना मी एकदा त्या संस्थेची गोष्ट सांगितली, ती एवढ्याचसाठी की आपला मुलगा आपल्या ओसरीवर आहे ही केवढी जमेची बाजू आहे, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. त्यांनी ऐकून घेतले.

मुलगा आता दिवसपाळीस जातो; रात्रपाळी देऊ नये असा वैद्यकीय दाखला त्याने स्वतःच रुजू होताना दिला. वजन वाढल्याची त्याची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मध्यंतरी दादांनी त्याच्या लग्नाचा घाट घातला, आणि पाहुणे चौकशीस आले तर ‘तसलं काही नव्हतं’ असे मी सांगावे, अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटले, मी आपण होऊन कोणाच्या दारी सांगावयास जाणार नाही. पण मला विचारले तर खोटे बोलणार नाही, ‘मुलाला विचारा’ असे म्हणेन. आणि महत्त्वाची गोष्ट लपवून केलेले लग्न पुढे कोर्टात रद्द होऊ शकते, हेही त्यांच्या कानी घातले. तेव्हापासून दादांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. वहिनी परसदाराने येतात, डॉक्टरांची पुढची तारीख कोणती ते विचारतात. आणि मुलगा म्हणतो, मुलगी पाहावयास जाऊ तेव्हा गोळ्यांचे पाकीट मी खिशात घेऊनच जाईन, काय ते तिथेच होऊन जाऊ द्या. अजून तरी कोठली तारीख ठरलेली नाही.