छातीत दुखत नाही म्हणणारी माणसं

मधुमेही माणूस हृदयाच्या तपासणीला आला की छातीत दुखतं का, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "मागच्या वर्षी सहज करत होतात असं कोणतं काम हल्ली सोडलंत?" याचं उत्तर बरेचदा सोबत आलेलं माणूसच देतं.

मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनची तंत्रज्ञ आहे. आमच्या तपासणीला लोक थॅलियम टेस्ट म्हणतात, पण आता आम्ही बहुतेक वेळा टेक्नेशियम वापरतो. त्याचा किरणोत्सार दर 6 तासांनी निम्मा होतो. त्यामुळे ते साठवता येत नाही. सकाळी ते तयार करणाऱ्या जनरेटरमधून काढायचं, औषधात मिसळायचं आणि त्याच दिवशी रुग्णांना द्यायचं. एखाद्याची तपासणी ऐन वेळी पुढे ढकलावी लागली की त्याच्यासाठी तयार केलेलं औषध वाया जातं. आणि तपासणी पुढे ढकलण्याचं आमच्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे चहा. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद, असं फोनवर सांगितलेलं असतं. तरी कुणीतरी सकाळी घोटभर घेऊन येतं आणि मनापासून सांगतं, "बिनसाखरेचा घेतलाय, ताई." अडचण साखरेची नसते, कॅफिनची असते. हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी आम्ही अ‍ॅडेनोसिन देतो आणि कॅफिन नेमका त्याचाच परिणाम अडवतं. म्हणून फोनवर आता मी "बिनसाखरेचासुद्धा नको" हे वेगळं सांगते. इन्सुलिन घेणाऱ्यांना सकाळची पहिली वेळ देते आणि डोस किती घ्यायचा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवायला लावते. उपाशी पोटी ताटकळत ठेवलं तर त्यांची शुगर उतरते.

मधुमेह जुना झाला की पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, हे घरोघरी माहीत असतं. हृदयाकडून दुखण्याची खबर नेणाऱ्या नसाही अशाच बधिर होऊ शकतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. रक्त कमी पडत असतं, पण कळ येत नाही. दम लागतो, थकवा येतो, कधी नुसताच घाम फुटतो आणि प्रत्येकासाठी घरात एक कारण तयार असतं. वय झालं, वजन वाढलं, शुगर उतरली.

एक मावशी माझ्या कायमच्या लक्षात आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधीच्या तपासण्यांत इथवर आल्या. मधुमेह जुना, ईसीजीत सांगण्यासारखं काही नाही. छातीत दुखतं का विचारल्यावर म्हणाल्या, "छातीत काय न्हाई. दम लागतोय, पन त्यो वजनाचा." सून शेजारी उभी होती. ती म्हणाली, "वरच्या रानात जायचं सोडलंय ह्यांनी. चढाला दोनदा बसायच्या, मग जाणंच बंद केलं." मावशी म्हणाल्या, "गुडघ्यामुळं." मग सुनेनं आणखी एक सांगितलं. मधूनच रात्री दरदरून घाम येतो, शुगर उतरली म्हणून त्या साखर खातात आणि पडून राहतात. मीटरवर बघितलं तर शुगर उतरलेली नसते. हे शेवटचं वाक्य मी फाईलवर लिहिलं आणि आमच्या डॉक्टर सरांना जाऊन सांगितलं.

ट्रेडमिलवर चालणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून अ‍ॅडेनोसिन दिलं. त्यानं चेहरा तापतो, छाती जड होते, श्वास अपुरा वाटतो. औषध बंद केलं की मिनिटा-दोन मिनिटांत बहुतेकांना बरं वाटतं, पण तेवढा वेळ माणूस घाबरतो. अशा वेळी मी हात धरून उभी राहते. नंतर कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन बराच वेळ न हलता पडायचं असतं. मधुमेहात खांदे आखडणं खूप दिसतं, त्यामुळे हे पडणं काहींना सुईपेक्षा अवघड जातं. मावशींच्या उजव्या हाताखाली उशा रचून दिल्या तेव्हा कुठे जमलं.

पडद्यावर दोन ओळी येतात. वरची ताणाखालच्या हृदयाची, खालची विश्रांतीतल्या हृदयाची. जिथे रक्त पोचतं तिथे रंग भरतो. दोन्ही ओळींत जागा रिकामी असेल तर बहुधा तिथे जुन्या झटक्याचा व्रण असतो. मावशींच्या वरच्या ओळीत हृदयाची पुढची भिंत जवळजवळ दिसतच नव्हती आणि खालच्या ओळीत ती पूर्ण भरलेली होती. म्हणजे स्नायू जिवंत होता, पण उपाशी. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही नळ्यांत अडथळे निघाले. मधुमेहात अनेक नळ्या बंद असतील तर स्टेंटपेक्षा बायपासनं मृत्यूचं प्रमाण कमी राहतं, हे 2012 च्या फ्रीडम चाचणीत दिसलं होतं. त्यांचीही बायपास झाली. गुडघा मागे राहिला.

अशी गोष्ट कळली की नातेवाइकांची रांग लागते. "मलाही शुगर आहे, मीही करून घेऊ का?" प्रश्न रास्त आहे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. पण माझं उत्तर सरसकट हो नाही, आणि त्याला आधार आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या डायड अभ्यासात काहीही त्रास नसलेले 1123 मधुमेही घेतले होते. निम्म्यांची अशीच तपासणी केली, निम्म्यांची नाही. तपासलेल्यांत 22 टक्के लोकांत लपलेला दोष सापडला. तरीही जवळजवळ पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू सारखेच कमी होते, बहुधा औषधं दोन्हीकडे चांगली चालू होती म्हणून. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. पहिल्या चित्रात दोष दिसलेल्यांची तीन वर्षांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा पाचांपैकी जवळपास चौघांचा दोष दिसेनासा झाला होता. मधल्या काळात स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्या होत्या.

म्हणून ज्यांना खरोखर काहीच त्रास नाही त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, थेट कॅमेऱ्याखाली नाही. पण दम वाढलाय, ईसीजी बदललाय, पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्यात, लघवीतून प्रथिनं जातात, अशांनी दुखण्याची वाट बघू नये असं मला ठामपणे वाटतं. काहींना डॉक्टर सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर सांगतात. त्याला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, श्वास रोखून धरला की काही सेकंदांत चित्र निघतं. शून्य आला तर दिलासा मोठा, मात्र रक्तवाहिन्यांतला कॅल्शियम न साठलेला मऊ थर त्यात दिसत नाही. स्कोअर 400 च्या वर गेला तर पुढच्या तपासण्यांचा विचार करावा लागतो.

आमच्या चित्रालाही मर्यादा आहे. ते हृदयाच्या एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करतं. शेतातल्या तिन्ही पाटांना सारखंच कमी पाणी आलं तर कुठलाच तुकडा वेगळा सुकलेला दिसत नाही, तसं तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असल्या तर चित्र निर्दोष वाटू शकतं. मधुमेहात असा सगळीकडे पसरलेला आजार जास्त आढळतो. म्हणून ताणानंतर हृदयाचा कप्पा फुगलेला दिसतो का, हे सर मुद्दाम बघतात.

परवा एका काकांचा रिपोर्ट नॉर्मल आला. पहिला प्रश्न आला, "मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू?" मी म्हटलं, "काका, हा रिपोर्ट गोळी घेत असतानाचा आहे. ती बंद करायचं डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि रिपोर्ट नॉर्मल असला तरी दम वाढत गेला तर हाच कागद घेऊन परत या." त्यांनी मुलाला ते मोबाईलवर लिहून घ्यायला लावलं.