पट्टीखालची पट्टी

टंकलेखन करताना मनगटे टेकवण्यासाठी संगणकाच्या कळफलकाला पुढच्या बाजूस एक सपाट आधार जोडलेला असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने मात्र या शतकाच्या पहिल्या दशकात 'प्रॉडिकीज' नावाचे जे उपकरण बाजारात आणले, त्यात हा आधार म्हणजे एक झाकण होते, आणि ते काढले की खाली पियानोच्या 37 आखूड पट्ट्या, म्हणजे पुरती तीन सप्तके आणि वर एक षड्ज, हाताशी येत. वर अक्षरे आणि खाली सूर असा हा दुमजली संसार होता. संगणकाला आवाज देणारे 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड 1989 मध्ये याच कंपनीने आणले होते आणि तिचे संस्थापक सिम वाँग हू हे स्वतः माउथ ऑर्गन वाजवणारे होते, हे ध्यानात घेतले तर या हौसेचे फारसे नवल वाटत नाही.

घरच्या घरी संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्याला अशा जोडउपकरणाचा मोह का पडावा, हे समजण्यासाठी 'मिडी' ही 1983 पासून रूढ झालेली पद्धत आधी समजून घ्यावी लागते. या पद्धतीत तारेतून आवाज जातच नाही, जाते ती केवळ सूचना: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. पट्ट्यांना 0 ते 127 असे क्रमांक असतात, पियानोच्या मध्यभागचा 'सी' हा 60 क्रमांकाचा, आणि जोरही 127 पर्यंतच्या आकड्यांतच मोजला जातो. म्हणजे येथे नोंद होते ती वादनाची, नादाची नव्हे. त्यामुळे चुकलेला सूर मागाहून सरळ करता येतो, लय वाढवली तरी स्वर चढत नाही, आणि बासरी म्हणून वाजवलेली ओळ नको वाटली तर तीच सतारीच्या आवाजात ऐकता येते. हे सारे काम एका हाताने वाजवायचे आणि दुसऱ्याने संगणकाला हुकूम सोडायचे अशा दुहेरी हालचालीचे असते, आणि दीड खोलीच्या घरात टेबल एकच असते.

वास्तविक, पट्ट्यांवाचूनही काम भागते. 'गॅरेजबँड'सारख्या आज्ञावलीत अक्षरांच्या मधल्या ओळीतील ए, एस, डी, एफ ही बटणे पांढऱ्या पट्ट्या होतात आणि वरच्या ओळीतील डब्ल्यू, ई, टी, वाय, यू या काळ्या. आर आणि आय ही बटणे मुकी राहतात, कारण पियानोवरही त्या दोन जागी काळी पट्टी नसतेच. योग मोठा गमतीदार आहे, पण तो तेवढ्यावरच संपतो. अक्षराच्या बटणाला दाबले किंवा नाही दाबले एवढेच कळते, कसे दाबले ते कळत नाही; सुराच्या पट्टीखाली मात्र दोन संपर्कबिंदू असतात आणि पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत गेलेल्या क्षणांशावरून आघाताचा जोर ठरतो. शिवाय साध्या कळफलकाची बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असल्याने चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथ्याचाही भास होतो. तो टाळण्यासाठी असा कळफलक तिसरे बटण सरळ नाकारतो, आणि तीन सुरांचा मेळ अर्ध्यावर तुटतो.

तथापि अक्षरे आणि सूर यांचे हे एका टेबलावर येणे नवीन नाही. डेव्हिड ह्यूज हा ब्रिटिश वंशाचा गृहस्थ अमेरिकेतील केंटकी राज्यात संगीताचा अध्यापक होता आणि त्याने 1850 नंतरच्या दशकात तारायंत्राचा असा एक प्रकार सिद्ध केला की, मॉर्सच्या टिंब-रेघा न शिकता अक्षर दाबावे आणि दूरच्या ठाण्यात तेच कागदावर छापून यावे. त्या यंत्राला त्याने दिलेला कळफलक चक्क पियानोचा होता: 28 पट्ट्या, आलटून पालटून काळ्या आणि पांढऱ्या, प्रत्येकीवर अक्षर. दोन्ही ठाण्यांत अक्षरे कोरलेले एकेक चाक अखंड फिरत असे आणि योग्य अक्षर योग्य जागी आले की विजेचा एकच ठोका जाऊन ते छापले जाई. दोन्ही चाके एका गतीने फिरावीत यासाठी ह्यूजने कंप पावणाऱ्या स्प्रिंगचा उपयोग केला; दोन्हीकडच्या कंपनांचा स्वर एक झाला की गती एक झाली, हा विचार संगीत शिकवणाऱ्यालाच सुचावा असा आहे. एका फेऱ्यात एकमेकांपासून दूर असलेली दोन-तीन अक्षरे साधता येत, लगतची साधत नसत. त्यामुळे तारमास्तराला मजकूर अक्षरशः लयीत वाजवावा लागे, आणि घाई करणारा समेवर चुके. फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांनी हे यंत्र स्वीकारले व दीर्घकाळ वापरले. न्यूयॉर्कचे डॉ. सॅम्युअल फ्रान्सिस यांनी 1857 मध्ये पेटंट घेतलेल्या लेखनयंत्रालाही पियानोच्याच पट्ट्या होत्या, आणि टंकलेखनयंत्राचा जनक मानला जाणाऱ्या शोल्सच्या 1868 मधील पेटंटातही त्याच दिसतात. अक्षरांची बुटकी बटणे ओळींनी मांडली गेली ती त्यानंतर. याच ह्यूजने 1878 मध्ये कार्बनचा मायक्रोफोनही जगापुढे मांडला, म्हणजे आजच्या घरगुती ध्वनिमुद्रणाच्या टेबलावरील दोन वस्तूंशी त्याचे नाते लागते. संगीतज्ञांच्या चरित्रकोशांतून तो सहसा आढळत नाही, हे खटकते.

मराठी गायकाला या पट्ट्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 'काळी एक', 'पांढरी चार' असे आपल्या आवाजाचे ठिकाण तो पेटीच्या पट्ट्यांवरूनच सांगत आला आहे. त्याची तक्रार निराळी असते, आणि ती रास्त आहे: दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतून जाणारी मींड पेटीला येत नाही. मिडी कीबोर्डांना, आणि प्रॉडिकीजलाही, स्वर वर-खाली ओढण्याचे एक चाक असते. त्या चाकाच्या प्रवासाचे मिडीने 16,384 भाग कल्पिले आहेत, परंतु रूढ मांडणीत ते चाक दोन अर्धस्वरांपलीकडे स्वर नेत नाही, आणि शुद्ध गंधारापासून पंचमापर्यंतचे अंतर तीन अर्धस्वरांचे आहे. ही मर्यादा आज्ञावलीत बारापर्यंत वाढवता येते; ती तशी वाढवून, उजव्या हाताने पट्टी धरून डाव्याने चाक हळू फिरवले तर यमनातली मींड ओळखू येण्याइतकी साधते, सारंगीइतकी नव्हे.

जोडउपकरणाचा खरा दोष त्याच्या मांडणीत आहे. सूर शरीराजवळ आणि अक्षरे त्यांच्या पलीकडे असल्याने टंकणारा हात सतत पट्ट्यांवरून ओणवा राहतो, आणि मोठ्या माणसाच्या बोटांना आखूड पट्ट्या अडखळवतात. त्यातच प्रॉडिकीजच्या 'पीसी-मिडी' या प्रकारात सुरांच्या सूचना यूएसबी-मिडीच्या सर्वमान्य पद्धतीने न जाता अक्षरांच्याच वाटेने जातात, म्हणून त्यांचा अर्थ लावणारी स्वतंत्र आज्ञावली नसेल तर संगणकाला त्या समजत नाहीत. लिनक्सच्या गाभ्यात अशी आज्ञावली आहे. जुन्या बाजारात हे उपकरण दिसले तर पैसे देण्यापूर्वी आपल्या संगणकावर त्याच्या पट्ट्या बोलतात की नाही ते तपासावे, आणि केवळ ध्वनिमुद्रणच करायचे असेल तर 25 पट्ट्यांचा साधा यूएसबी मिडी कीबोर्ड घ्यावा.