टाकून देणारा

जिनिव्हाजवळ, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर, 27 किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन धावतात. त्यांच्या टकरी टिपायला 14,000 टनांचा सीएमएस हा शोधक उभा आहे. कौतुक सगळे त्याचे होते. मला मात्र त्याच्या ट्रिगरविषयी अधिक ओढ वाटते. ट्रिगरचे काम टाकून देण्याचे.

प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला तीन-चार कोटी वेळा एकमेकांना भिडतात, आणि प्रत्येक भेटीत कित्येक टकरी होतात. एवढे साठवणे कोणालाच झेपणारे नाही. म्हणून पहिला निवाडा इलेक्ट्रॉनिक पाट्यांवर, जेमतेम चार मायक्रोसेकंदांत होतो. तोवर नोंद थोपवून धरलेली असते. मग ती पुढे तरी जाते, नाहीतर पुसली जाते. सेकंदाला लाखभर नोंदी वाचतात. त्यांतल्या काही हजारच नोंदी संगणकांचा ताफा कायमच्या ठेवतो.

ट्रिगर कठोर आहे, पण लहरी नाही. जोरकस म्युऑन, तेजस्वी फोटॉनांची जोडी, कुठे हिशेबात न बसणारा संवेग, अशा खुणा तो पाहतो. 2012 साली हिग्ज बोसॉन हाती लागला तो अशाच खुणांमुळे. अगदी सामान्य टकरींतूनही तो ठरावीक प्रमाणात एखादी राखतो. त्याची पारख तिच्यावर तपासून घेता येते.

पण या खुणा त्याला शिकवल्या त्या आपणच. नव्या भौतिकीचा चेहरा तर कोणी पाहिलेलाच नाही. एखादा कण थोडा दूर जाऊन विरत असेल, किंवा अगदी हळुवार ऊर्जा मागे ठेवत असेल, तर जुन्या नियमांच्या ट्रिगरला तो केरच वाटणार. पुसलेले परत मिळत नाही. महासममितीच्या सिद्धांताने सुचवलेले कण अजून सापडलेले नाहीत, असे आपण म्हणतो तेव्हा शोध घेतलेला असतो तो ट्रिगरने राखलेल्या नोंदींतच. हे मला फार अस्वस्थ करते.

म्हणूनच त्याला नवी नजर देणाऱ्यांचे श्रम मोलाचे. पूर्ण नोंदीऐवजी त्रोटक सारांश ठेवून कितीतरी जास्त टकरी वाचवण्याची सोय त्यांनी केली. नेहमीच्या टकरी कशा दिसतात तेवढेच शिकून, त्यांच्याहून वेगळे दिसेल ते उचलणारे न्यूरल नेटवर्कही त्यांनी पहिल्या निवाड्यात आणून बसवले. पुढच्या, टकरी आणखी वाढवणाऱ्या टप्प्यात ट्रिगरला विचाराला 12.5 मायक्रोसेकंद मिळणार आहेत. कणांच्या वाटा आज त्याला पहिल्या निवाड्यात दिसत नाहीत; तेव्हा त्या दिसतील.